कापाब्लांका : सोडलेले आणि न सोडलेले डाव

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावी पारावर बुद्धिबळ चालते. पट कापडाचा, मोहरी लाकडाची आणि हरवलेल्या एका हत्तीच्या जागी चिंचोका. तिथे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते आणि डाव राजाला मात होईपर्यंत किंवा राजा एकटा उरेपर्यंत चालतो. मध्येच उठायची रीत नाही. उठला तो पळाला, असे समजतात. त्यामुळे गेल्या वर्षी जिमखान्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदा बसलो आणि माझा एक हत्ती जास्त झाल्यावर समोरच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने हात पुढे केला, तेव्हा मला काहीच उमगले नाही. त्याला कुठे जायचे असेल असे वाटून डाव पुरा करून जावे, अशी मी त्याला विनंती केली. आजूबाजूचे सगळे हसले. डाव हरल्याचे त्याने कबूल केले आहे, हे मला नंतर कोणीतरी समजावून सांगितले.

नवी शिकलेली ही रीत मी दुसऱ्याच फेरीत वापरली. माझ्याकडे नुसता राजा उरला होता. समोर राजा, एक उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतले एक प्यादे. मी हात पुढे केला. डावाची नोंद झाल्यावर तिथे उभे असलेल्या आमच्या एका प्राध्यापकांनी मोहरी पुन्हा तशीच मांडली. प्यादे ज्या कोपऱ्यात पोचून वजीर होणार तो कोपरा काळा होता आणि उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा. माझा राजा त्या कोपऱ्यात आधीच जाऊन बसला होता. त्याला तिथून हुसकून लावता येत नाही. फार जोर केला तर शह नसतानाही त्याला हलायला घर उरत नाही, आणि मग डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे मी हरलो नव्हतो. हरलो असे मी स्वतः सांगितले म्हणून हरलो.

पहिल्या फेरीतल्या विद्यार्थ्याने डाव सोडला ते बरोबर होते. दुसऱ्या फेरीत मी सोडला ते चूक होते. दोघांनी केले ते एकच. मग डाव केव्हा सोडावा हे ठरवायचे कसे? सरांनी उत्तर दिले नाही. ग्रंथालयातून एक जुने इंग्रजी पुस्तक काढून हातात दिले. ते होते होसे राउल कापाब्लांका याचे १९२१ साली प्रसिद्ध झालेले 'चेस फंडामेंटल्स'. माझे इंग्रजी कच्चे, म्हणून शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला बसलो. पुस्तकाच्या सुरुवातीलाच राजा आणि हत्ती एवढीच मोहरी उरली असता मात कशी करावी हे दिलेले पाहून नवल वाटले. शेवट आधी शिकवणारा हा माणूस कोण, या कुतूहलाने त्याचे चरित्र मिळेल तिथून वाचत गेलो. तेच येथे मांडीत आहे.

कापाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ रोजी क्युबातील हवाना शहरात झाला. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि त्याचे वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. चार वर्षांचा असताना वडिलांचा डाव शेजारी बसून पाहता पाहता तो खेळ शिकला. वडिलांनी घोडा चुकीच्या घरात टाकला तेव्हा त्याने ती चूक दाखवली आणि मग स्वतः खेळून त्यांना हरवले, अशी हकीकत तो मोठेपणी सांगत असे. थोरांच्या बालपणीच्या गोष्टींत भर पडतेच. पण पुढचे वाचले म्हणजे ही हकीकत खोटी मानण्याचे कारण उरत नाही.

१९०१ च्या अखेरीस हवानात त्याचा सामना हुआन कोर्सो या क्युबातील नामांकित खेळाडूशी झाला. कापाब्लांका तेव्हा नुकताच तेरा वर्षांचा होत होता. कोर्सोला डावाच्या सुरुवातीच्या मांडण्या पाठ होत्या, या मुलाला एकही येत नव्हती. पहिले दोन डाव तो हरला. समोरचा आपल्याहून श्रेष्ठ आहे अशी त्याचीही समजूत होती. पण तिसरा डाव बरोबरीत सुटला, आणि त्या डावात कोर्सोच्या खेळातले कच्चे दुवे त्याच्या लक्षात आले. तिथून सामना फिरला आणि चार डाव जिंकून तो कापाब्लांकाने खिशात घातला. दोन डाव गेल्यावर पोराने पट गुंडाळला असता तर कोणी दोष दिला नसता. आपण कुठे कमी आहोत एवढे त्याला पहिल्या दोन डावांत कळले होते. समोरचा कुठे कमी आहे हे कळायला तिसऱ्या डावाला बसावे लागले.

१९०६ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकायला गेला. पण वर्गापेक्षा मॅनहॅटन चेस क्लबमध्ये त्याचे मन अधिक रमे, आणि शिक्षण अर्धवट राहिले. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेचा अव्वल खेळाडू फ्रँक मार्शल याला सामन्यात हरवले. आठ डाव जिंकले, एक हरला, चौदा बरोबरीत सुटले. तेव्हा त्याचे वय अवघे वीस. या विजयाच्या बळावर १९११ मध्ये स्पेनमधील सान सेबास्तियानच्या मोठ्या स्पर्धेत त्याला प्रवेश मिळाला. या नवख्याला घेऊ नये असा आक्षेप ज्यांनी घेतला त्यांत बर्नस्टाइन हा एक होता. पहिल्याच फेरीत कापाब्लांकाने बर्नस्टाइनला हरवले, त्या डावाला सुंदर खेळाचे पारितोषिक मिळाले, आणि शेवटी स्पर्धाही त्यानेच जिंकली. १९१३ मध्ये क्युबा सरकारने त्याला परराष्ट्र खात्यात नोकरी दिली. जगभर हिंडून बुद्धिबळ खेळणे आणि क्युबाचे नाव करणे, हेच तिथले त्याचे खरे काम होते.

१९१४ साली सेंट पीटर्सबर्गला जी स्पर्धा झाली तीत जगज्जेता एमानुएल लास्कर उतरला होता. जर्मनीचा लास्कर १८९४ पासून त्या पदावर होता. हरता डाव धरून ठेवावा तर लास्करने, अशी त्याची ख्याती. प्राथमिक फेऱ्यांनंतर कापाब्लांका दीड गुणाने पुढे होता. अंतिम फेऱ्यांत लास्करने त्याला प्रत्यक्ष डावात हरवले. त्या पराभवाचा डंख इतका होता की दुसऱ्याच दिवशी टाराशबरोबरच्या डावातही कापाब्लांका चुकला आणि एक मोहरे गमावून बसला. तरी ऐंशीहून अधिक खेळ्या तो लढला. डाव गेलाच, आणि अर्ध्या गुणाने स्पर्धाही लास्करकडे गेली.

पुढे महायुद्ध आले आणि जगज्जेतेपदाचा सामना लांबला. १९२० मध्ये लास्करने एक चमत्कारिक गोष्ट केली. आपला किताब त्याने पत्राने कापाब्लांकाला देऊन टाकला. न खेळता मिळालेला मुकुट कोणालाच रुचला नाही. लोकांना तो पटावर जिंकलेला हवा होता, आणि कापाब्लांकालाही. अखेर १९२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये हवानात चोवीस डावांचा सामना ठरला. बक्षिसाची रक्कम २०,००० डॉलर होती आणि त्यातले ११,००० डॉलर, निकाल काहीही लागो, लास्करला मिळायचे होते. यावरून त्याचा मान केवढा होता याची कल्पना येते.

लास्कर बावन्न वर्षांचा होता आणि हवानाची हवा त्याला मानवत नव्हती. चौदा डाव झाले. दहा बरोबरीत सुटले, चार कापाब्लांकाने जिंकले, लास्करला एकही जिंकता आला नाही. अजून दहा डाव शिल्लक होते. हिशेबाने पाहिले तर सामना संपला नव्हता. दहांत चार जिंकून आणि एकही न हरता लास्कर बरोबरी साधू शकला असता. पण ज्याला चौदा डावांत एकही विजय मिळाला नाही त्याने उरलेल्या दहांत चार जिंकावे, तेही न हरता, हे हिशेबात बसले तरी मनाला पटणारे नव्हते. त्याची प्रकृतीही साथ देईना. लास्करने सामना सोडला. सत्तावीस वर्षे सांभाळलेले पद त्याने दहा डाव बाकी असताना खाली ठेवले. ज्याची सारी कीर्ती न सोडण्यावर उभी होती, त्याने सोडले. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आमच्या पारावर हे कोणी मान्य केले नसते.

कापाब्लांका आता जगज्जेता झाला. १९१६ साली न्यूयॉर्कला एक डाव हरल्यानंतर १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, तो स्पर्धांत आणि सामन्यांत एकही डाव हरला नाही. लोक त्याला बुद्धिबळाचे यंत्र म्हणू लागले. त्याचा खेळ दिसायला सोपा. तो उगीच गुंतागुंत करीत नसे. थोडासा वरचष्मा मिळाला की मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव शेवटाकडे न्यायचा आणि तिथे समोरच्याला हळूहळू आवळत जायचे, ही त्याची पद्धत. डावाच्या शेवटचे ज्ञान एवढे पक्के असले की कोणती स्थिती जिंकलेली, कोणती हरलेली आणि कोणती बरोबरीची हे आधीच दिसते. माझ्या दुसऱ्या फेरीतल्या डावात मला जे दिसले नाही ते हेच.

१९२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने ही मालिका तोडली. या डावात कापाब्लांकाने एकतिसाव्या खेळीनंतर हार मानली. राजाला मात व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. माझ्यासारख्याने आणखी वीस-पंचवीस खेळ्या सहज रेटल्या असत्या. पण पुढची प्रत्येक वाट कुठे जाते हे त्याने पाहिले होते, आणि रेटीलाही ते दिसले आहे हे त्याला ठाऊक होते. आठ वर्षांची अपराजित मालिका तुटते आहे म्हणून त्याने डाव एक खेळीही जास्त ओढला नाही. त्या स्पर्धेत पहिला कोण आला? लास्कर. तीन वर्षांपूर्वी हवानात सामना सोडून गेलेला तोच लास्कर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. कापाब्लांका दुसरा आला.

सामना सोडला म्हणून लास्करचा खेळ संपला नव्हता. एक डाव सोडणे म्हणजे खेळच सोडणे नव्हे, हे मला या एका निकालाने जितके कळले तितके कोणत्याही उपदेशाने कळले नसते.

आता त्या प्रसिद्ध सामन्याकडे वळू. १९२७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांका एकही डाव न हरता पहिला आला आणि रशियात जन्मलेला अलेक्झांडर अलेखाइन अडीच गुणांनी मागे राहून दुसरा आला. तोवर अलेखाइनला कापाब्लांकाविरुद्ध एकही डाव जिंकता आला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथे दोघांचा जगज्जेतेपदासाठी सामना सुरू झाला. सहा डाव आधी जिंकेल तो विजयी, बरोबरी मोजायची नाही, असा नियम होता. सामना एकतर्फी होणार असे बहुतेकांना वाटत होते.

पहिलाच डाव अलेखाइनने जिंकला. तिसरा आणि सातवा जिंकून कापाब्लांका पुढे गेला. पण अकरावा आणि बारावा ओळीने हरला, मग एकविसावा. मधले डाव एकामागून एक बरोबरीत सुटत राहिले. सत्ताविसाव्या डावात विजय हाताशी आला असताना त्याने राजा चुकीच्या घरात नेला आणि अलेखाइनने शहांची माळ लावून बरोबरी साधली. एकोणतिसावा कापाब्लांकाने जिंकला, बत्तिसावा अलेखाइनने. आता अलेखाइनचे पाच झाले होते आणि कापाब्लांकाचे तीन. अडीच महिने होत आले होते. चौतिसाव्या डावात कापाब्लांकाचे एक प्यादे गेले आणि डाव हत्तींच्या शेवटावर आला.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. दोन्ही बाजूंना हत्ती उरले असले की एखादे प्यादे कमी असूनही डाव पुष्कळदा बरोबरीत सुटतो. हत्ती दूर उभा राहून शह देत राहतो, प्याद्याला पुढे जाऊ देत नाही. म्हणून प्यादे गेले तेव्हा कापाब्लांकाने डाव सोडला नाही. अलेखाइनला अजून बरेच शोधायचे होते, आणि शोधताना माणूस चुकतो. डाव बेतात वाजवीपेक्षा कितीतरी लांबला, तहकूब झाला, पुन्हा सुरू झाला. बयाऐंशी खेळ्या झाल्यावर तो पुन्हा तहकूब झाला. त्या स्थितीत अलेखाइनला शोधायचे असे काही उरले नव्हते. ही स्थिती कोणाही जाणत्याने जिंकली असती. हा डाव सोडणे म्हणजे सहा वर्षांचे जगज्जेतेपद सोडणे होते. २९ नोव्हेंबर १९२७ रोजी डाव पुढे खेळायचा होता. कापाब्लांका आला नाही. त्याचे पत्र आले. आपण डाव सोडतो आहोत, आता आपण जगज्जेते आहात, आपले अभिनंदन आणि आपल्या पत्नीला नमस्कार, एवढाच त्यातला मजकूर.

सात वर्षांपूर्वी हाच मुकुट त्याला पत्राने मिळू पाहत होता. तो गेलाही पत्रानेच. सामन्यात अलेखाइनचे सहा विजय, कापाब्लांकाचे तीन आणि पंचवीस डाव बरोबरीत असा हिशेब झाला.

या पत्राविषयी मी पुष्कळ विचार केला. डाव सोडण्याची वेळ त्याने अचूक निवडली असे मला वाटते. बरोबरीची आशा होती तोवर तो बसला, ती संपल्यावर त्याने एक खेळीही वाया घालवली नाही. पण समोर येऊन हात पुढे करणे त्याला जमले नाही. आठ वर्षांत जो हरला नव्हता त्याला हरण्याची सवय नव्हती, हे समजू शकते. तरीही माझ्या मनात तृतीय वर्षाचा तो विद्यार्थी येतो. मी हात हातात घेत नव्हतो, सगळे हसत होते, तरी तो हात पुढे करून उभा होता. डाव सोडायला जी हिंमत लागते तिचा हा अर्धा भाग कापाब्लांकापाशी त्या दिवशी नव्हता, असे लिहिले तर लहान तोंडी मोठा घास होईल. पण तसे वाटते खरे.

पुढे दोघांचे संबंध बिघडत गेले. कापाब्लांकाने आयुष्यभर परतीचा सामना मागितला आणि तो कधीच झाला नाही. याला एक कारण त्याने स्वतःच घडवले होते. १९२२ मध्ये लंडनला त्याच्या पुढाकाराने नियम ठरले होते की आव्हान देणाऱ्याने १०,००० डॉलरचा निधी उभा करावा. अलेखाइन आता त्याच अटीवर अडून बसला. १९२९ मध्ये अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि एवढा पैसा उभा करणे दुरापास्त झाले. अलेखाइनने दोनदा दुसऱ्याच खेळाडूशी सामने खेळले. इतरांसाठी घातलेले कुंपण कापाब्लांकाच्याच वाटेत आले.

त्याच १९२९ साली कार्ल्सबाडच्या स्पर्धेत झेमिशविरुद्ध कापाब्लांकाने नवव्या खेळीत घोडचूक केली आणि त्याचे एक मोहरे फुकट गेले. जगज्जेतेपद भूषवलेल्या खेळाडूने इतक्या लवकर मोहरे गमावले की डाव तिथेच सोडायचा, अशी रीत. तो उठला नाही. बासष्ट खेळ्यांपर्यंत खेळला आणि मग हरला. याबद्दल त्याला हसणारे भेटतात. पण मला रेटीचा डाव आणि हा डाव शेजारी ठेवावेसे वाटतात. एकात मोहरी पुष्कळ शिल्लक असताना एकतिसाव्या खेळीला सोडले. दुसऱ्यात मोहरे गेलेले असताना त्रेपन्न खेळ्या अधिक खेळला. म्हणजे किती गेले यावर त्याचा निर्णय ठरत नव्हता. समोरच्याला अजून किती सिद्ध करायचे आहे, यावर तो ठरत होता. नवव्या खेळीला पट भरलेला असतो, वाटा पुष्कळ असतात आणि समोरच्यालाही चुकायला जागा असते.

या काळात त्याची गाठ आपल्या उपखंडातल्या एका माणसाशी पडली. पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला सुलतान खान हा आमच्या पारावरच्यासारखे देशी नियमांचे बुद्धिबळ खेळत मोठा झाला होता. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही त्याने ते जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. हा डाव पासष्ट खेळ्या चालला. सुलतान खानाने घाई न करता, हळूहळू दाबत, म्हणजे कापाब्लांकाच्याच पद्धतीने त्याला नमवले. कापाब्लांकाने पुढे या माणसाच्या प्रतिभेचे मोकळ्या मनाने कौतुक केले.

मोठ्या खेळाडूंच्या उतरत्या काळाबद्दल लिहिताना चरित्रकार हळवे होतात. कापाब्लांकाच्या बाबतीत त्याची गरज नाही. १९३५ मध्ये मॉस्कोच्या स्पर्धेत तो चौथा आला. त्याच्या पुढे, तिसऱ्या क्रमांकावर, सहासष्ट वर्षांचा लास्कर होता आणि लास्करने त्याला त्या स्पर्धेत हरवलेही. पण पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, कापाब्लांकाने मॉस्कोची स्पर्धा जिंकली आणि इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बोटविनिकसह पहिला क्रमांक मिळवला. तिथे नऊ वर्षांनी प्रथमच तो अलेखाइनसमोर पटावर बसला आणि त्याने तो डाव जिंकला. परतीचा सामना मिळाला नाही, परतीचा एक डाव मिळाला.

१९३८ मध्ये हॉलंडमधल्या मोठ्या स्पर्धेत तो आठ जणांत सातवा आला आणि ऐन पन्नासाव्या वाढदिवशी अलेखाइनकडून हरला. प्रकृती खालावत चालली होती. रक्तदाबाचा विकार होता. तरी १९३९ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या ऑलिंपियाडमध्ये क्युबाच्या संघात पहिल्या पटावर सर्वांत चांगली कामगिरी त्याचीच ठरली. ज्या शहरात पद गेले त्याच शहरात हे घडले.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी, ज्या मॅनहॅटन चेस क्लबपायी कॉलेज सुटले होते, तिथेच तो कोसळला. माउंट सायनाय रुग्णालयात दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. आदल्या वर्षी जानेवारीत लास्करनेही त्याच रुग्णालयात देह ठेवला होता. कापाब्लांकाला हवानात सन्मानाने पुरण्यात आले. त्याच्या थडग्यावर संगमरवरी राजा उभा आहे.

'चेस फंडामेंटल्स' मध्ये कापाब्लांकाने आपण हरलेले डावही दिले आहेत. जगज्जेता होण्याच्या सुमाराला लिहिलेल्या पुस्तकात आपण हरलेले डाव शिकवायला काढणारा माणूस हार कबूल करायला लाजणारा नव्हता. कोणत्या खेळीपर्यंत डाव आपल्या हातात होता आणि कोणत्या खेळीनंतर नव्हता, हे त्याला विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. डाव केव्हा सोडावा याचे उत्तर मला त्याच्या पुस्तकात एका वाक्यात मिळाले नाही, चरित्रात मिळाले. आपण किती गमावले हे मोजून ठरवू नये. मोठी चूक झाल्या क्षणी, मन पोळलेले असताना तर ठरवूच नये. समोरच्याला अजून काय करून दाखवायचे आहे ते पाहावे. काही उरले असेल तर बसावे. काहीच उरले नसेल तर हात पुढे करावा आणि पुढच्या डावाची मोहरी मांडावी. पण हे पाहता येण्यासाठी शेवट कसे असतात ते आधी शिकलेले असावे लागते. ज्याला कोपऱ्यातला राजा सुरक्षित असतो हे माहीत नाही, तो बरोबरीचा डाव सोडून येतो.

आता थोडे स्वतःविषयी. प्रथम वर्षाला इंग्रजीच्या पेपरात मी नापास झालो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे एक विषय राहिला म्हणजे काय होते हे सांगणारे घरी कोणी नव्हते. सगळे संपले असे समजून मी दाखला काढण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. तो तीन आठवडे माझ्या वहीत होता. विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात बसता येते आणि तो पेपर पुन्हा देता येतो, ही माहिती मला कचेरीबाहेरच्या फलकावर मिळाली, अर्ज द्यायला रांगेत उभा असताना.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा अण्णांना कॉलेजच्या नियमांनी तो कोपऱ्याचा डाव मांडून दाखवला. त्यांनी चार-पाच वेळा उंट आणि प्यादे घेऊन मला हुसकून पाहिले आणि खूष झाले. म्हणजे पारावर आपण म्हणतो तेच खरे, शेवटपर्यंत उठू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. मग मी त्यांना रेटीचा डाव आणि हवानातल्या लास्करची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली नाही. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

इंग्रजीचा पेपर मी पुन्हा दिला आहे. हा लेख संपादकांकडे देईपर्यंत निकाल लागलेला नाही.